ऑनसाइटगामी अभियंत्याचे स्टुटगार्टमधील वर्तन : एक प्राथमिक विवेचन

ग्राहक कंपनीच्या देशात जाऊन, तिच्याच कार्यालयात बसून, परंतु आपल्याच कंपनीच्या नावाने केलेल्या कामास संगणक व मोटारउद्योगांत ‘ऑनसाइट’ अशी संज्ञा आहे. या विषयावरील आजवरचा उपदेश बहुतांशी मावशी, आत्या आणि शेजारच्या काकू यांच्याकडून मौखिक परंपरेने आलेला असून कानटोपी, लोणचे आणि ‘तिकडचे पाणी’ या तीन शाखांपलीकडे त्याचा विस्तार झालेला नाही. ही उणीव दूर करण्यासाठी येथे पुण्याहून स्टुटगार्टला जाणाऱ्या अभियंत्याचा विचार केला आहे. कारण मर्सिडीज-बेन्झ आणि पोर्शे यांची मुख्यालये असलेले ते शहर आणि चाकणचा औद्योगिक पट्टा यांच्यात मोटारींच्या निमित्ताने जी ये-जा चालते, तीत अभियंता हाही एक सुटा भागच असतो.

सामानाचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे, की युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. म्हणजे भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला हे निर्धोक ठरतात, मात्र तूप आणि पेढे थेट कायद्याच्या कक्षेत जातात. आणि ‘हे घरी कढवलेले आहे, विकतचे नव्हे’ हा मातोश्रींचा युक्तिवाद कितीही बिनतोड असला, तरी तो सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे मांडण्यासाठी त्या स्वतः तेथे उपस्थित नसतात.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत जाऊन राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, जिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. या नोंदीसाठी घरमालकाचा दाखला लागतो, आणि बँकेपासून करखात्यापर्यंत पुढची सारी कामे सहसा या नोंदीवर येऊन अडतात. तेथील इमारतींत घराला बहुधा क्रमांक नसतो, घंटेवर आणि टपालपेटीवर केवळ आडनाव असते. ते लावले नाही तर पत्र परत जाते आणि कायद्याच्या दृष्टीने नसली तरी पोस्टमनच्या दृष्टीने ती व्यक्ती अस्तित्वात नसते. पारपत्रातील वडिलांचे नाव हे अभियंत्याचेच दुसरे नाव समजले जात असल्याने, तीर्थरूपांच्या नावे आलेले पत्र आपलेच मानून उघडण्याची सवयही त्याने लावून घ्यावी.

स्वयंपाकाबाबत दोन इशारे पुरेसे आहेत. भाड्याच्या घरात ओटा असेलच असे नाही, कारण जाणारा भाडेकरू कपाटे आणि शेगडीसह आपले स्वयंपाकघर उचलून नेऊ शकतो. शिवाय बाडेन-वुर्टेम्बर्ग या प्रांतात निजण्याच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर धूरसूचक यंत्रे सक्तीची असून, फोडणी आणि आग यांतील भेद या यंत्रास अद्याप उमगलेला नाही. म्हणून मोहरी तडतडण्यापूर्वी खिडक्या सताड उघडाव्यात, मग बाहेर जानेवारी का असेना. दिवसातून अनेकदा खिडक्या उघडून हवा खेळवणे हे तेथे भाडेकरूचे कर्तव्यच समजले जात असल्यामुळे हिंगाचा वास शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला, तरी तो कर्तव्यपालनातूनच पोहोचला असा बचाव करता येतो.

यानंतर या शास्त्राच्या गाभ्याकडे, म्हणजे कचऱ्याकडे, वळणे आवश्यक आहे. कागद, जैविक कचरा, वेष्टने आणि उरलेसुरले यांचे डबे वा पिशव्या वेगळ्या असतात. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या अशा रंगवार टाकायच्या असतात, त्याही रात्री किंवा रविवारी नव्हे, कारण काच फुटल्याचा आवाज हा शांततेचा भंग होय. ज्या बाटल्यांवर ‘फांड’, म्हणजे परतीची अनामत, घेतलेली असते त्या दुकानातील यंत्रात घालून पैसे परत मिळतात, आणि एकदाच वापरायच्या बाटलीमागे ही रक्कम 25 सेंट असते. या रकमेचा रुपयांत हिशेब झाला की प्रवासी कंपनीच्या बैठकीतही टेबलावरील रिकाम्या बाटल्यांकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. ती नजर सहकाऱ्यांच्या लक्षात येऊ देऊ नये.

स्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रदेशात मोडते, तेथील ‘केअरवोखे’ ही संस्था मात्र सविस्तर अभ्यासास पात्र आहे. ज्या घराची झाडलोटीची पाळी असेल त्याच्या दारावर तशी पाटी अडकवली जाते, आणि त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट, काही ठिकाणी इमारतीपुढचा पदपथही, त्या कुटुंबाने साफ करायचा असतो. पुण्यात ज्याने केरसुणी केवळ लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर पाहिली, तोच अभियंता येथे शनिवारी सकाळी गुडघे टेकून पायऱ्यांचे कोपरे पुसतो. हे परिवर्तन नैतिक उन्नतीचे मानण्याची घाई करू नये, कारण त्याच्या मागे वरच्या मजल्यावरील आजींचे किंचित उघडे दार असते. म्हणून झाडताना बादलीचा आवाज जरा मोठाच करावा, अन्यथा झाडणे झाले असे धरले जात नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट यांचे भगिनी-नगरांचे नाते 1968 पासूनचे आहे; त्यातून ही पाटी मुंबईत का आली नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

कार्यालयात वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देणे अशुभ समजले जाते. वेळेचे पालन कडक असते, परंतु हा नियम रेल्वेस लागू नाही: डॉइचे बानच्या व्याख्येनुसार सहा मिनिटांहून कमी उशीर हा उशीरच नव्हे, आणि इतक्या उदार व्याख्येनंतरही 2024 साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर ठरल्या. शहराचे नवे भूमिगत स्थानक 2010 पासून बांधले जात आहे, ते मुळात 2019 मध्ये खुले व्हायचे होते. पुणेकराला या एकाच बाबतीत कोणत्याही प्रशिक्षणाची गरज पडत नाही.

भारताचे घड्याळ हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्याने पुण्याची सकाळी साडेनऊची बैठक स्टुटगार्टात पहाटे पाच किंवा सहाला भरते, तर घरच्यांचा जेवणानंतरचा फोन ग्राहकाशी वाद रंगात आलेला असताना येतो. रविवारी दुकाने बंद, छिद्रयंत्र निषिद्ध आणि ग्राहकही निद्रिस्त, तेव्हा फोनला वेळ भरपूर असतो. परंतु त्या दिवशी घरी नेमके कोणाचे तरी लग्न असते. त्या दुपारचे काय करावे याविषयी जर्मन लोक रानात चालायला जातात, एवढेच सांगता येते.

परतताना पत्त्याची नोंद रद्द करण्यास विसरू नये. तेथे प्रत्येक घरामागे दरमहा 18.36 युरो प्रसारणशुल्क आकारले जाते, मग घरात दूरचित्रवाणी संच असो वा नसो. आणि आपण देश सोडला हे प्रसारणशुल्काच्या कचेरीसही स्वतंत्रपणे, पुराव्यासह कळवले नाही, तर देयके साचत जातात. कोथरूडच्या पत्त्यावर असे जर्मन पत्र आलेच, तर ते तीर्थरूपांच्या हाती पडण्यापूर्वी ताब्यात घ्यावे, कारण नाव त्यांचे असते.