नाही म्हणायला तरी मराठी शिका

प्रति,
ॲनिमे व मांगाचे हक्कधारक महोदय, टोकियो.

विषय : पायरसीविरोधी कायदे आणि जुन्नर-आंबेगावचा प्रेक्षक.

महोदय,

जपानच्या कॉपीराइट कायद्यातली २०२० ची दुरुस्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. गाणी आणि चित्रफिती चोरट्या ठिकाणाहून उतरवून घ्यायला तिथे आधीच बंदी होती. या दुरुस्तीने मांगा (जपानी चित्रकथा), पुस्तके, मासिकेही त्यात आली. वारंवार उतरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र भल्या मोठ्या मांगातल्या दोन-चार चौकटी कोणी उतरवल्या तर त्याला सोडून द्यावे, एवढी समजही त्याच कायद्यात आहे.

घरच्या माणसाशी जपान असाच जपून वागतो. 'मांगामुरा' नावाच्या चोरट्या संकेतस्थळावरून २०१८ मध्ये गहजब झाला. सरकारने इंटरनेट कंपन्यांना असली ठिकाणे अडवण्याचा आग्रह करताच लोकांच्या खासगी संपर्काच्या गुप्ततेचे काय, असा घटनात्मक प्रश्न उभा राहिला आणि अडवणुकीचा प्रस्तावित कायदा त्याच वर्षी समितीत वाद होऊन बारगळला. मांगामुरा चालवणारा मात्र फिलिपाइन्समध्ये सापडला, त्याच्यावर रीतसर खटला चालला आणि २०२१ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. चोर आत गेला, वाचक घरीच राहिला. याला म्हणतात कायद्याचे राज्य.

समुद्र ओलांडला की एवढे सोवळे पाळायची गरज उरत नाही. आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश, १९९९ मुळे जपानी कलाकृतीला भारतात देशी कलाकृतीइतकेच संरक्षण आहे. शिवाय दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये एका निकालात नवी सोय करून दिली : एकदा संकेतस्थळ अडवण्याचा आदेश मिळाला की ते नाव बदलून पुन्हा उगवले तरी नवा खटला नको, नवा पत्ता जुन्याच आदेशाला जोडता येतो. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसेल तर आपली न्यायालये त्याला 'अशोक कुमार' म्हणतात. (अभिनेते दादामुनींचा यात काही दोष नाही.) जपानला आपल्या दारात जे जमले नाही, ते इथे एका अर्जात होते. आमच्या घोडेगावच्या पोराला यातले काहीच ठाऊक नसते. काल उघडणारे पान आज उघडत नाही, एवढेच त्याला कळते.

मुंबई उच्च न्यायालयाने या बाबतीत थोडी लाज राखली. जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संकेतस्थळे सरसकट बंद करायला नकार दिला आणि तपासलेल्या ठरावीक दुव्यांपुरतीच बंदी घातली. त्यानंतर लोकांच्या पडद्यावर इंग्रजी सूचना झळकू लागली की हे नुसते पाहणे हासुद्धा गुन्हा आहे, तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. ऑगस्टमध्ये न्यायमूर्तींनाच स्पष्ट करावे लागले की पाहणे हा गुन्हा नव्हे. विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये दंडाची कमाल मर्यादा दोन लाखांची आहे. वरचा लाख सूचना लिहिणाऱ्याने पदरचा घातला असावा.

महाराष्ट्र शासन याहून उदार. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेला १९८१ चा कायदा, ज्याला पोलीस ठाण्यापासून पारापर्यंत सगळे एमपीडीए म्हणतात, त्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सची भर पडली आणि २०१५ मध्ये वाळू तस्करांची. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका आहे असे ठरले तर खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. रात्री घोड नदीच्या पात्रातून ट्रॅक्टर भरणारा आणि पेन ड्राइव्हवर 'नारुतो' भरून विकणारा, दोघांची सोय एकाच शीर्षकाखाली झाली. फरक इतकाच, की वाळूला गिऱ्हाईक कुठून येते याची चौकशी सगळे करतात. 'नारुतो'ला गिऱ्हाईक का आले, हे कोणी विचारत नाही.

ते गिऱ्हाईक महोदयांनीच तयार केले. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेला मोगली जपानी होता. गीत गुलजारांचे, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडायच्या आणि कोणाला परवाना मागावा लागत नव्हता. २००४ मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी आली. मग डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदी बोलत घरात शिरले आणि मंचर-ओतूरची पोरे शाळेत हिंदीचा तास सुरू होण्याआधीच हिंदी शिकली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, वाडीवस्तीवर चित्रफिती चालू लागल्या. आणि २०१७ मध्ये ॲनिमॅक्स भारतातल्या टीव्हीवरून गेली! रस्ता डांबरी झाला त्याच सुमारास दुकानाला कुलूप लागले. त्या रिकाम्या काळात जे गाळे उघडले ते चोरांचे होते हे खरे; पण दुसरे दार फारसे कुठे उघडे नव्हते.

प्रेक्षक फुकट्या आहे, हा आरोप २०१९ मध्येच निकालात निघायला हवा होता. माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतातल्या चित्रपटगृहांत लागावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन विनंती केली, पन्नास हजारांवर सह्या झाल्या आणि ११ ऑक्टोबर २०१९ ला तो लागला. आम्हाला तिकीट काढू द्या, असा अर्ज चोर करत नाहीत. पुढे क्रंचीरोल या ॲनिमे सेवेने २०२२ मध्ये भारतातला दर महिन्याला ७९ रुपयांपर्यंत खाली आणला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. नारायणगावच्या स्टँडवर दोघांचा चहा-वडापाव तेवढ्यात होतो. किमतीबद्दल या पत्रात तक्रार नाही.

पडद्यावर येणाऱ्या 'आपल्या भागात उपलब्ध नाही' या पाटीबद्दल एकच ओळ : जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महादुर्बिणीने ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतून निघालेला रेडिओ संकेत टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, आणि त्या आकाशगंगेने कुठलाही भाग वगळला नव्हता. विकत घेतलेल्या वस्तूबद्दलही एकच : 'कायमच्या' म्हणून विकलेल्या डिजिटल प्रती एप्रिल २०२४ मध्ये फनिमेशन ही ॲनिमे सेवा बंद होताना गेल्या, आणि अमेरिकेतल्या चाहत्यांना, त्यात मराठी घरेही आली, पैसे मोजूनही हात चोळत बसावे लागले. चित्रपटगृहाबद्दल एवढेच, की मंचरहून पुणे सुमारे साठ किलोमीटर आणि जुन्नरहून नव्वद. रात्रीचा खेळ सुटल्यावर परतीची एसटी मिळेलच असे नसते आणि वाटेवर उसाच्या कडेला बिबट्या असतो.

खरे दुखणे भाषेचे आहे.

१२ सप्टेंबर २०२५ ला 'डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल' भारतात प्रदर्शित झाला. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू. मराठी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८.३० कोटी, तेलुगू ८.११ कोटी, तमिळ ६.९० कोटी. हिशेब लोकसंख्येचा असता तर ही यादी अशी लागली नसती. हा व्यापारी हिशेब वेगळा आहे : मराठी माणसाला हिंदी येते, म्हणून त्याला हिंदीच्या खात्यात मोजायचे आणि मराठीचा खर्च वाचवायचा. या हिशेबाला मराठी माणसाने स्वतःच वर्षानुवर्षे मान डोलावली, हे कबूल. तमिळ प्रेक्षक अडून बसतो, आपण समजून घेतो.

युगो साको यांचे 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' तर कहर आहे. राम मोहन यांच्यासारख्या भारतीय ॲनिमेटरच्या साथीने जपानने काढलेला हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ ला भारतात पुन्हा लागला. हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी. नारायणगावावरून जाणारा महामार्ग थेट नाशिकला पोहोचतो. तिथे पंचवटी आहे, सीताहरण तिथलेच सांगतात. ज्या मातीत ती गोष्ट घडल्याचे मानतात, तिथल्या भाषेत तेवढी ती नाही. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

आता कोणी हौशी पोराने रात्री जागून एखाद्या भागाची मराठी उपशीर्षके केली तर काय होते? भाषांतराचा हक्क मालकाचा. त्यामुळे जो काम करतो तो उल्लंघन करणारा, आणि जो मालक ते काम कधीच करणार नाही तो पीडित. नोटीस येते, काम उतरवले जाते. जागा रिकामी राहते आणि तिच्यावर पहारा बसतो. सरळ शब्दांत, ही लबाडी आहे. जे विकायचे नाही, त्याच्या चोरीने नुकसान झाले म्हणून रडायचे. जे बनवायचे नाही, ते बनवणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचे. आणि ही दमदाटीसुद्धा इंग्रजीत करायची. भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या महादेव कोळी किंवा ठाकर वाडीवरच्या मुलाला तो गुन्हेगार आहे, हे तरी त्याच्या भाषेत सांगायला हवे होते.

भारतीय कायद्याने ही अडचण १९५७ साली अर्धवट ओळखली होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३२ नुसार, साहित्यकृती किंवा नाट्यकृती प्रसिद्ध होऊन सात वर्षे उलटली आणि मालकाने एखाद्या भाषेत तिचे भाषांतर आणले नाही, तर कोणीही त्या भाषेतल्या भाषांतराचा परवाना मागू शकतो. मालकाला योग्य मानधन द्यावे लागते, पण नुसते 'नाही' म्हणून त्याला गप्प बसता येत नाही. चित्रपटाला मात्र ही तरतूद नाही. कादंबरी सात वर्षांनी मराठीत येऊ शकते. कार्टून मालकाची मर्जी होईपर्यंत थांबते. मांगात अक्षरेही आहेत आणि चित्रेही, त्यामुळे तो या कलमात पुरता बसतो की अर्धा, यावर वकिलांचा चांगला धंदा होईल.

महोदयांच्या बाजूनेही बोलायला हवे, आणि ते नारायणगावाइतके कोणी बोलू शकणार नाही. ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. इथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ मध्ये आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीतच गेले होते. आज बारी रंगात आली की समोर शंभर मोबाइल उभे राहतात आणि वग सकाळपर्यंत घरोघर पोहोचतो. दौलतजादा मात्र त्या वाटेने येत नाही. कलावंताच्या पोटावर पाय म्हणजे काय, ते या गावाला शिकवावे लागत नाही.

टोकियोतला उमेदवार ॲनिमेटरही चित्रामागे मोजून पैसे घेतो आणि ते पैसे थोडे असतात. २०२३ मध्ये जपानी ॲनिमेची परदेशातली बाजारपेठ सुमारे १.७ लाख कोटी येनची होती, देशातल्या बाजारपेठेपेक्षा मोठी. त्यातले त्याच्या हाती किती पडते, हा प्रश्न घोडेगावच्या पोराला विचारण्याआधी निर्मिती समित्या, स्टुडिओ आणि वाहिन्या यांना विचारावा. तो पोरगा आणि तो ॲनिमेटर एकमेकांचे वैरी नाहीत. त्यांच्या मध्ये जे बसले आहेत, त्यांच्याविरुद्ध मात्र अजून एकाही राज्याने स्थानबद्धतेचा कायदा केलेला नाही.

मागणी मोठी नाही. ज्या कृती मराठीत आणायच्या नाहीत, त्यांची यादी जाहीर व्हावी. त्या यादीतल्या कृतींची मराठी उपशीर्षके विनामोबदला करणाऱ्याला, मूळ चित्रफीत न वाटण्याच्या अटीवर, लेखी संमती मिळावी. उपशीर्षकांची फाइल म्हणजे नुसता मजकूर असतो. ज्याच्याकडे अधिकृत सदस्यत्व आहे त्यालाच ती वापरता येईल, अशी सोय महोदयांचे तंत्रज्ञ दुपारच्या जेवणाआधी करू शकतील. यात कोणाचा येन बुडत नाही. उलट जे मराठी घर आज सदस्यच नाही, ते होण्याची शक्यता आहे.

या पत्राचे उत्तर जपानीत आले तरी हरकत नाही. फक्त ते मराठीत करून घेण्याची परवानगी त्याच पाकिटात असावी, नाहीतर ते वाचण्यासाठी सात वर्षे थांबावे लागेल.

कळावे,
जुन्नर-आंबेगावचा प्रेक्षक
(न्यायालयीन कामकाजापुरता : अशोक कुमार)