शंभर तासांत सभ्य

दारावर थाप मारायलाही आता प्रमाणपत्र लागतं. २००८ साली रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांना प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या डीआरए (डेट रिकव्हरी एजंट) परीक्षेला बरे दिवस आले. दहावी-बारावीवाल्यांना १०० तासांचं प्रशिक्षण, पदवीधरांना ५०. म्हणजे बी. कॉम. झालेल्याला निम्मा सभ्यपणा आधीच येतो, हे गृहीत.

नियम सोज्वळ आहेत. ओळखपत्र दाखवा, शिवीगाळ नको, नातेवाइकांना छळू नका. २०२२ च्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. परीक्षेत १०० पैकी ५० गुणांना उत्तीर्ण. उरलेले ५० कशाचे होते, ते हप्ता चुकलेल्याला विचारा, सकाळी पावणेआठलाच त्याने ऐकलेलं असतं, "तुमच्या मेहुण्यांचा नंबर आहे बरं का आमच्याकडे!"

गंमत म्हणजे, परीक्षेची सक्ती वसुलीवाल्याला. झोपेतून उठवून 'प्री-अप्रूव्ह्ड' कर्ज गळ्यात मारणाऱ्याला तशी सक्ती नाही. आणि कोटींनी बुडवणाऱ्याकडे प्रमाणपत्रवाला जातच नाही. तिथे थकबाकी निर्लेखित होते, तीही चहापाण्यासकट, अगदी सभ्यपणे.