बर्फ पडला होता, एवढं नक्की

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे आणि त्या विद्यापीठात बार्टन हॉल नावाची, मुळात लष्करी कवायतीसाठी बांधलेली एक अवाढव्य इमारत आहे. ८ मे १९७७ च्या रविवारी संध्याकाळी 'ग्रेटफुल डेड' हा बँड तिथं वाजवून गेला. मे महिना असूनही बाहेर बर्फ पडला. त्या इमारतीत माणसं किती कोंबायची याला काही मर्यादा असणारच, पण 'मी होतो तिथं' असं म्हणणाऱ्यांना कसलीच मर्यादा नाही. हॉल आतून दरवर्षी थोडा मोठा होत असावा. वयाचा हिशेब घातला तर त्या रविवारी जे बालवाडीत असायला हवेत, असेही काहीजण आत शिरलेले सापडतात. बर्फ मात्र सगळ्यांना आठवतो. गेलेल्यांना आठवतो, कारण बाहेर पडल्यावर ते कुडकुडले. आणि न गेलेल्यांना आठवतो, कारण गेलेल्यांनी तो इतक्या वेळा सांगितला.

ही जमात आपल्या ओळखीची आहे. पुण्यात तर ती थंडी सुरू झाली की हमखास भेटते. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि पुढं रात्र-रात्र चालणाऱ्या त्या बैठकांनी गवयांइतकेच पट्टीचे आठवणदारही तयार केले. असे एक काका तुम्हाला विचारतात, "भीमसेन ऐकलेत का?" तुम्ही उत्साहानं हो म्हणता. "कधी?" तुम्ही साल सांगता. काका शालीचं टोक सावरतात आणि कनवाळूपणे म्हणतात, "हं. म्हणजे तसे नाही ऐकलेत." तुम्ही आणखी दहा वर्षं मागचं साल सांगितलं असतं तरी शालीचं टोक सावरलंच गेलं असतं. मग ती तान काका स्वतः घेऊन दाखवतात. गळ्यात जेवढी येत नाही तेवढी हातानं पुरी करतात. शेवटी समेवर तुमची मान हलते. ही दाद भीमसेनांना की काकांना, हे ठरवायला तेवढा वेळ नसतो.

काकांचं सगळं बळ एकाच गोष्टीत आहे: ते सांगतात ती मैफल पुन्हा ऐकून खरंखोटं करायची सोय बहुधा नसते. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांची अडचण नेमकी उलटी आहे. त्यांच्याकडे पुरावा आहे, आणि तो गाडाभर आहे.

हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात जमला आणि १९९५ मध्ये त्याचा गिटारवादक जेरी गार्सिया वारला तेव्हा थांबला. या तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. रेकॉर्डी काढणं हे त्यांनी कर्तव्य म्हणून केलं, जगले ते रंगमंचावर. काय वाजवायचं हे आधी ठरलेलं नसायचं, आणि तेच गाणं एका रात्री आठ मिनिटांत आटपायचं, दुसऱ्या रात्री अर्धा तास भटकून यायचं. रागसंगीतावर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मात्र रॉक संगीताच्या दुनियेत, जिथं गाणं तबकडीवर आहे तसंच्या तसं वाजवलं की टाळ्या पडतात, तिथं ही फार मोठी चैन होती. तिची किंमतही होती. काही रात्री काहीच लागायचं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये वाद्यं सुरात लावण्याचा कार्यक्रम गाण्यांपेक्षा लांबायचा. पण कालचा कार्यक्रम आजच्यासारखा नसणार, या एका खात्रीवर लोक नोकऱ्या सोडून बँडच्या मागं गावोगाव फिरू लागले. त्यांना डेडहेड म्हणतात. आपल्या वारकऱ्यांशी त्यांची तुलना करायचा मोह होतो, पण वारकऱ्याला निदान पोचायचं कुठं हे ठाऊक असतं.

आणि ही मंडळी टेप करायची. आधी चोरून, मग उघड. इतर बँड टेपरेकॉर्डर दिसला की माणसाला बाहेर काढत. यांनी १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांसाठी ध्वनियंत्रणेच्या मागं वेगळी जागाच राखून दिली. तिथं उंच दांड्यांवर मायक्रोफोनांचं रान उभं राहायचं. त्या रानात तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसाचे मोठे हाल. शेजाऱ्याशी बोलायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, टाळीसुद्धा बेतानं. कारण तुमची टाळी ओहायोतल्या कुणाच्या तरी खोलीत पुढची चाळीस वर्षं वाजत राहणार. टेप विकायची नाही, हा एकमेव कायदा. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवा, कुणीतरी अनोळखी माणूस तुम्हाला नक्कल करून पाठवेल. नकलेची नक्कल, तिची आणखी नक्कल. पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत गार्सियाच्या गिटारमागं तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चरचराट सुरू व्हायचा. चाहत्यांना त्याचीही गोडी लागली.

बार्टन हॉलचं नशीब इथं उघडलं. त्या रात्री बँडतर्फे टेप करत होती बेटी कँटर-जॅक्सन, आणि तिच्या कानाला तोड नव्हती. पुढं तिच्यावर वाईट दिवस आले. तिच्या टेपांचे ढीग भाड्याच्या गोदामात पडले, भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. त्या टेपा चाहत्यांच्या हाती लागल्या, त्यातल्या काही बुरशी झाडून दुरुस्त कराव्या लागल्या, आणि त्यातून बार्टन हॉलची लखलखीत नक्कल हातोहात फिरली. चरचराटाची सवय झालेल्या कानांना ते आवाज ऐकून काय झालं असेल! मला तरी वाटतं, आजवरची सर्वोत्तम मैफल म्हणून लोक जिच्याकडे बोट दाखवतात, ती अर्ध्याअधिक वेळा आजवरची सर्वोत्तम टेप असते. पण हे डेडहेडच्या देखत म्हणू नये. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती टेप राष्ट्रीय ठेव्यात जमा केली, २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, बँडतर्फे ती रीतसर विकायला आली, आणि मग तर वाद मिटायलाच हवा होता.

तो पेटला. एका गटाचं म्हणणं, ८ मे ठीक आहे, पण दुसऱ्याच दिवशी, ९ मेला, बफेलोला ते याहून सरस वाजले. दुसरा म्हणतो ७ मेचं बॉस्टन ऐका. तिसरा ५ मेच्या न्यू हेवनवर ठाम. कंपनीनं शहाणपणानं चारही रात्री एकाच पेटीत घालून विकल्या. एक चौथा पंथही आहे. तो गंभीर चेहरा करून सांगतो की बार्टन हॉलचा कार्यक्रम मुळात झालाच नाही. ती सगळी बनवाबनवी आहे. टेप आहे, फोटो आहेत, तिकिटाचे तुकडे आहेत, तरी नाही. इतका पुरावा जमवल्यावर संशय घ्यायला कुणीतरी हवंच ना.

त्या टेपवर सगळ्यात जास्त कौतुक होतं ते 'स्कारलेट बेगोनियाज' या गाण्यातून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये घसरत जाण्याच्या जागेचं. खरोखर सुंदर जागा आहे. एक गाणं नेमकं कुठं संपलं हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि कळावं असं वाटतही नाही. यातलं दुसरं गाणं तेव्हा बँडच्या कार्यक्रमांत येऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याची चाल मात्र त्याआधीची, आणि ती आपल्या घराजवळून गेलेली आहे. बँडचा ढोलवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे ताल शिकलेला. अल्लारखाँचे चिरंजीव, माहीमचे झाकीर हुसेन, कॅलिफोर्नियात अली अकबर खाँच्या कॉलेजात शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन झाकीर आणि हार्ट यांनी 'डिगा रिदम बँड' काढला आणि १९७६ मध्ये एक रेकॉर्ड केली. तिच्यातल्या 'हॅपिनेस इज ड्रमिंग' या शब्दांविना तुकड्यात 'फायर ऑन द माउंटन'ची चाल आधीच नांदते आहे. त्यावर गिटार आहे जेरी गार्सियाची. म्हणजे बर्फाच्या रात्री इथाक्यात जे पेटलं, त्यातली एक काडी माहीमची होती. शालवाल्या काकांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "झाकीर? त्याच्या वडिलांना ऐकलंत का?"

थंडीचं झालं, आता उन्हाचं. ज्यांना बार्टन हॉल फार गुळगुळीत वाटतो, ते २७ ऑगस्ट १९७२ च्या व्हेनेटाला जातात. ओरेगॉन राज्यातलं माळरान. स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची एक दुधाची डेअरी अडचणीत आली होती, तिच्या मदतीसाठी बँड फुकट वाजवायला आला. तिकिटं डेअरीच्या दह्याच्या लेबलांवर छापली होती. ऊन असं की वाद्यांचे सूर उतरत होते आणि प्यायचं पाणी पुरत नव्हतं. कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, आणि त्यात बँडच्या मागं एका खांबावर चढून बसलेला, अंगावर सूतभर कपडा नसलेला एक गृहस्थ बराच वेळ तल्लीन होऊन डोलताना दिसतो. संगीताचा दर्जा काय होता यावर पंडित भांडतात, पण खांबावरच्या गृहस्थाबद्दल आजवर दुमत झालेलं नाही.

१९७३ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला रॉक महोत्सवासाठी सहा लाख माणसं जमली. जाणकार सांगतात की तिथला खरा कार्यक्रम आदल्या दिवशी झाला, ध्वनियंत्रणा तपासायला बँड सहज म्हणून वाजवायला बसला तेव्हा. सहा लाखांतले जे वेळेवर पोचले, ते उशिराच पोचले म्हणायचे. या एका वाक्यासाठी मला डेडहेड फार आवडतात.

बँडला स्वतःला काय वाटायचं? त्यांचं मत कुणी मनावर घेत नाही, ही गंमत. जगातल्या यच्चयावत लोकांना जिथं असायला हवं होतं असं वाटतं, त्या वुडस्टॉकला, १९६९ मध्ये, पावसात विजेचे झटके खात आपण भिकार वाजलो, असं ते स्वतः सांगत राहिले. १९७८ च्या सप्टेंबरात ते थेट गीझाच्या पिरॅमिडपाशी जाऊन वाजले. एका ढोलवादकाचा हात प्लास्टरमध्ये, पियानो बेसूर, पिरॅमिडच्या आतल्या दालनातून प्रतिध्वनी आणायचा बेत फसलेला. शेवटच्या रात्री मात्र वर चंद्रग्रहण लागलं. ऐकायला ते वाजवणं इतकं बेताचं की बँडनं तीस वर्षं त्याची रेकॉर्ड काढली नाही. जे तिथं होते त्यांना विचारा. ग्रहण सांगतील, वाळू सांगतील, ढोलवादकाचा हात सांगतील. बेसूर पियानो सांगायचं सगळ्यांच्याच राहून जातं.

आणि इथं माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की जवळजवळ सगळेच तेवढंच सांगतात. डेडहेडला आयुष्यातली सर्वोत्तम मैफल विचारली की तो संगीताबद्दल फारसं बोलतच नाही. तो गाडी कुठं बंद पडली ते सांगतो. मैदानाबाहेरच्या गाड्यांच्या तळावर तव्यावरचं चीज सँडविच कितीला मिळालं ते सांगतो. तिकीट नव्हतं म्हणून एक बोट वर करून दारात उभा होता आणि एका अनोळखी बाईनं हातात तिकीट ठेवलं, ते सांगतो. त्या गर्दीत या प्रकाराला 'मिरॅकल' म्हणत, आणि तो रोज होत असे. शेजारी उभी असलेली मुलगी पुढं बायको झाली, ते सांगतो. बायको त्यात दुरुस्ती करते की ती उभी नव्हती, बसली होती, आणि तो कार्यक्रम हार्टफर्डचा नव्हताच. दोघांत जुंपते. टेप कपाटात आहे; पण टेपवर बायको नाही.

संगीत सांभाळायचं काम टेपनं उचललं, म्हणून आठवण मोकळी झाली आणि सँडविच, पाऊस, गाडी यांच्यात रमली. आपल्या काकांना ही सवलत नव्हती. त्यांना अख्खा पूरिया डोक्यात वाहून न्यावा लागला, वर्षानुवर्षं, गळा साथ देत नसताना. सवाई गंधर्वच्या रमणबागेतल्या मांडवात मध्यरात्री काय खाल्लं, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते दुखावले. मग हळूच म्हणाले, "बटाटेवडा. पण तो काही मुद्दा नाही."

या सगळ्यात ज्याचा हेवा वाटावा असा माणूस म्हणजे डिक लाटवाला. हा मुळात साधा चाहता, टेपांनी झपाटलेला. प्रत्येक टेप ऐकून वहीत उद्गारचिन्हांनी भरलेल्या नोंदी करायचा. बँडनं त्यालाच आपल्या टेपांच्या कोठाराचा रखवालदार नेमलं. १९९३ पासून त्यानं निवडलेल्या मैफली 'डिक्स पिक्स' नावानं बाजारात येऊ लागल्या. आयुष्यभर 'ती रात्र ऐकलीत का?' म्हणून लोकांना छळलेल्या माणसाच्या हाती सगळ्या रात्रींच्या किल्ल्या! आपल्या काकांना आकाशवाणीच्या संग्रहालयात नेमलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला आनंद होतो आणि थोडी धडकीही भरते.

माझं विचाराल तर मी बफेलोच्या बाजूचा. ८ मेला इतके वकील मिळाले आहेत की ९ मेचं वकीलपत्र कुणीतरी घ्यायलाच हवं. कार्यक्रमाची सुरुवातच 'हेल्प ऑन द वे', 'स्लिपनॉट' आणि 'फ्रँकलिन्स टॉवर' अशी सलग, श्वास न घेता. इथाक्याला हे कुठं होतं? शिवाय बफेलोची आदल्या रात्रीइतकी कुणी वाहवा केलेली नाही, म्हणजे तिथं गर्दी कमी, बसायला ऐसपैस. कुणी बार्टन हॉलची टेप लावायला काढली की मी थोडं ऐकून घेतो आणि मग कनवाळूपणे विचारतो, "बफेलो ऐकलंत का?" शाल अजून घेतलेली नाही, पण डिसेंबरात घेईन म्हणतो.