मोकासिनच्या तळ्यात एक पायताण

बत्तीस शिराळ्याच्या माणसाला ‘चला, फ्लोरिडात साप दाखवतो’ असं कुणी म्हटलं, तर तो आधी हसतो आणि मग तिकीट कोण काढणार ते विचारतो. प्रस्तुत पर्यटकाने हेच केलं. सांगली जिल्ह्यातल्या त्याच्या गावात नागपंचमीला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नागांची मिरवणूक निघत असे. वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा आदेश आल्यावर गावाला मातीच्या नागावर समाधान मानावं लागलं. मात्र ‘आमच्याकडं पूर्वी कसं असायचं’ हे परक्याला ऐकवण्यावर अजून कुठल्याच न्यायालयाने बंदी घातलेली नाही. विमानात शेजारी बसलेल्या गृहस्थाने ते दोह्यापर्यंत ऐकलं आणि तिथे उतरल्यावर तो पर्यटकाच्या विरुद्ध दिशेला जवळजवळ पळतच गेला.

तिकीट भाच्याने काढलं होतं. भाचा टॅम्पाला संगणकाच्या नोकरीत आहे आणि रविवारी गोल्फ खेळतो. क्लिअरवॉटरचा समुद्रकिनारा त्याने पहिल्याच आठवड्यात दाखवला. वाळू पांढरी, माणसं लाल. डिस्नेचं राज्य बाहेरून पाहून झालं, कारण आतून पाहण्याचा दर ऐकून पर्यटकाच्या गुडघ्यात अचानक कळ आली. उरला साप. तो पाम हार्बरला होता, टॅम्पाच्या पश्चिमेला, इनिसब्रूक नावाच्या रिसॉर्टमधल्या कॉपरहेड या मैदानावर. तिथले शेवटचे तीन होल, म्हणजे सोळा, सतरा आणि अठरा, मिळून झाला ‘स्नेक पिट’. दर मार्चच्या सुमारास वालस्पार चॅम्पियनशिप इथे होते आणि रविवारी दुपारपर्यंत पहिल्या क्रमांकावर असलेला माणूस या तीन होलांत कसा घसरतो, ते बघायला लोक पैसे देऊन येतात.

‘‘प्रत्येकाचं वेगळं नाव आहे, मामा,’’ गाडी चालवता चालवता भाचा म्हणाला. ‘‘सोळावा मोकासिन, सतरावा रॅटलर, अठरावा कॉपरहेड. तिन्ही विषारी.’’

अमेरिकेत तीन अवघड होल ओळीने दिसले, की त्यांचं बारसं केल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. या बारशांची सुरुवात हर्बर्ट वॉरन विंड नावाच्या लेखकाने केली. १९५८च्या एप्रिलमध्ये अर्नोल्ड पामर ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा जिंकला, आणि खरी लढाई जिथे झाली त्या अकरा, बारा, तेरा या कोपऱ्याला नाव हवं म्हणून विंडने एका जुन्या जॅझ रेकॉर्डवरून ‘आमेन कॉर्नर’ हे नाव ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या लेखात घातलं. ते इतकं चिकटलं, की इतर मैदानांना आपण नागडे आहोत असं वाटू लागलं असावं. फ्लोरिडातच पीजीए नॅशनलवर पंधरा ते सतरा हा ‘बेअर ट्रॅप’, कारण मैदानाची फेररचना करणाऱ्या जॅक निक्लॉसचं टोपणनाव गोल्डन बेअर. टेक्ससमध्ये कलोनियलचे तीन, चार, पाच म्हणजे ‘हॉरिबल हॉर्सशू’. शार्लटच्या क्वेल हॉलोवरचे शेवटचे तीन तर ‘ग्रीन माइल’. स्टीफन किंगच्या कादंबरीत मृत्युदंडाचा कैदी ज्या वाटेने शेवटचा चालत जातो, तिचंही नाव हेच.

पर्यटकाला हे सगळं ऐकून जळफळाट झाला. महाबळेश्वराखालच्या एका वाटेला आपल्या माणसांनी कधीच रडतोंडीचा घाट म्हणून ठेवलंय आणि १६५९मध्ये अफझलखानाची फौज तिथून उतरली, हे त्याने भाच्याला ऐकवलं. ‘‘त्यासाठी जॅझची रेकॉर्ड लागली नाही,’’ असंही तो म्हणाला. भाच्याने मान डोलावली. त्याने हा घाट लहानपणापासून अनेकदा ऐकला होता, पाहिला एकदाही नव्हता.

मैदानाच्या दुकानात टोप्या होत्या आणि टोप्यांवर साप होता. पर्यटकाने सवयीने हात जोडले. विकणाऱ्या बाईंना ते अभिवादन वाटलं आणि त्यांनीही हात जोडले, त्यामुळे निदान टोपी घ्यावी लागली नाही. तिथे एक गोष्ट मात्र शिराळकराच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. कॉपरहेड हा साप फ्लोरिडाच्या वायव्य टोकाचा, अपालाचिकोला नदीच्या बाजूचा रहिवासी. टॅम्पाच्या आसपास तो राहत नाही. ज्याच्या नावाने मैदान चालतं, तो शेकडो किलोमीटर लांब सुखाने झोपलेला. मोकासिन आणि रॅटलस्नेक मात्र इथले खरे भूमिपुत्र. पर्यटकाने ही माहिती गोल्फगाडीत बसल्यापासून पंधराव्या होलपर्यंत हप्त्याहप्त्याने दिली.

गोल्फगाडीबद्दल त्याचं वेगळं म्हणणं आहे. व्यायाम म्हणून खेळायचं, आणि एका फटक्यापासून दुसऱ्या फटक्यापर्यंत विजेच्या गाडीत बसून जायचं! गाडीत बर्फाची पेटी, पेल्यासाठी खोबण, आणि भोक किती लांब आहे ते सांगणारा पडदा. शिराळ्याच्या बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाया यापेक्षा जास्त चालून मैदान मारतात आणि त्यांच्या नावाने कुणी टोप्या छापत नाही. ते असो. मैदान देखणं आहे हे मान्य करावं लागेल. फ्लोरिडा म्हणजे परातीसारखी सपाट जमीन अशी समजूत घेऊन आलेल्या माणसाला इथे चढउतार आणि उंच पाइनची झाडं भेटतात. लॅरी पॅकर्ड या आरेखकाने १९७०च्या दशकात ते आखलं. आता थेट सोळाव्यावर जाऊ, कारण मधल्या होलांवर फक्त सापांवर व्याख्यान झालं.

मोकासिन पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत उरकायचा. स्पर्धेच्या दिवशी ४७५ यार्ड. उजवीकडे तळं, आणि वाट उजवीकडेच वळते. म्हणजे ज्याला लवकर पोहोचायचंय त्याने पाण्यावरून मारावं, आणि ज्याला शहाणपण आहे त्याने डावीकडे मारून लांबचा पल्ला स्वीकारावा. भाच्याला शहाणपण आहे, पण मामा बघत होता. पहिला चेंडू तळ्यात गेला. आवाज छान आला.

‘‘कितीचा होता?’’ पर्यटकाने विचारलं.

‘‘चारेक डॉलरचा. जाऊ द्या, मामा.’’

चारेक डॉलर म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये. पर्यटकाच्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. नियमाप्रमाणे दंडाचा एक फटका मोजून भाच्याने दुसरा चेंडू ठेवला, आणि तोही पहिल्याच्या भेटीला गेला. सातशे रुपये, शिवाय दंड. ज्या माणसाने आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर फाटक्या नोटा चिकटवून घेतल्या, त्याने हे नुसतं बघत बसायचं? भाच्याच्या पिशवीत टोकाला वाटी बसवलेली, लांब होत जाणारी दांडी होती. भाचा तिसऱ्या चेंडूची मनधरणी करत असताना पर्यटक दांडी घेऊन काठावर उतरला.

काठावर मगरींपासून सावध राहायची पाटी होती. ती त्याने वाचली. शिराळ्याचा माणूस पाटीला घाबरत नाही, इतकंच त्याचं म्हणणं. पहिल्याच घुसळीला एक चेंडू आला. पांढरा, पण भाच्याचा नव्हे. दुसऱ्यांदा पिवळा आला. मग एकदम दोन. त्या तळ्यात चेंडूंचं सोनं बुडालं होतं. किती बायकापोरांचे संसार इथे विसर्जित झाले असतील, या विचाराने पर्यटक आणखी पुढे सरकला, आणि डावं पायताण घोट्यापर्यंत चिखलात गेलं. पाय ओढला तर नुसता पाय आला.

इथून पुढे एकाच वेळी फार गोष्टी घडल्या. मागच्या गटातले चार निवृत्त अमेरिकन गृहस्थ टीजवळ येऊन थांबले आणि अतिशय सभ्यपणे आकाशाकडे बघू लागले. भाचा लांबून ‘‘मामा, वर या!’’ असं ओरडला. मामा दांडीने पायताण शोधत होता. दांडीला आणखी एक चेंडू लागला, तोही त्याने सवयीने खिशात घातला. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पाठीवर खवले असलेलं काहीतरी आडवं पडलं होतं. हलत नव्हतं, पण ते मेलं आहे असं त्याच्याकडून कुणी लेखी घेतलं नव्हतं. मग गाडीतून मैदानाचा कर्मचारी आला. त्याने ‘सर’ हा शब्द इतक्या आर्जवाने उच्चारला, की बँकेच्या निरोप समारंभातही पर्यटकाला तसा मान मिळाला नव्हता. सरांनी पाण्यापासून लांब यावं. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात, सर; २०१९पासून पाचाची तीन झाली आहेत.

‘‘चेंडू नाही हो, पायताण,’’ पर्यटक इंग्रजीत म्हणाला. पायताणाला किती मिनिटं, ते नियमात नाही. कर्मचारी क्षणभर खरोखर विचारात पडला.

शेवटी त्या चौघांतला एक जण पुढे आला, स्वतःची लांब लोखंडी काठी चिखलात घातली आणि सराईत हाताने पायताण वर काढलं. त्याने ते निरखून पाहिलं, शिलाईवर बोट फिरवलं आणि हाताने केलंय का, असं विचारलं. हो म्हटल्यावर ते त्याने चिखलासह दोन्ही हातांनी परत दिलं. पर्यटकाने उत्तरादाखल त्याला खिशातला पिवळा चेंडू दिला. त्याने तो ओळखला. त्याचाच होता.

या सगळ्यात भाच्याचा पाचवा फटका गवतावर पडला होता, सहावा पाइनच्या झाडांत, सातवा बाहेर, आठवा वाळूत. मोजणी अकरावर थांबली. पर्यटकाला वाटलं पोरगं आता रडेल. पोरगं खुशीत होतं. अकराव्या होलवर कुणी अकरा केले तर तो नुसता वाईट खेळ असतो, पण मोकासिनवर केले तर त्याची गोष्ट होते आणि सोमवारी कचेरीत सांगता येते. ऑगस्टाच्या बाराव्यावर १९८०मध्ये टॉम वाइसकॉफने पाच चेंडू पाण्यात घालून तेरा फटके घेतले. १९७३ची ब्रिटिश ओपन त्याने जिंकली होती, तरी त्याचं नाव निघालं की हे तेरा निघतातच. जॉर्डन स्पीथ २०१६मध्ये शेवटचे नऊ होल उरले असताना पाच फटक्यांनी पुढे होता. त्याच बाराव्यावर दोन चेंडू पाण्यात, सात फटके, आणि स्पर्धा गेली. अंतर किती? अवघं १५५ यार्ड. नुसत्या ‘बाराव्या’त हरलेल्या माणसाची कुणी आठवण ठेवली नसती. आमेन कॉर्नरमध्ये हरलेला माणूस पानिपतावर पडल्यासारखा मानाचा होतो.

रॅटलर पार तीनचा, स्पर्धेत २१५ यार्ड. तिथे भाच्याने काठी मामाच्या हाती दिली. पर्यटकाने लहानपणी विटीदांडूत गाव गाजवलं होतं, त्या आठवणीने जोर लावला. गवताचा एक तुकडा सुंदर कमान करत पुढे गेला. चेंडू त्याच्या अलीकडे थांबला. पुन्हा मारायला पर्यटकाने नकार दिला. त्याच्या मते गवताचा फटका धरायला हवा होता.

कॉपरहेड चढाचा आहे. गाडी हळू झाली आणि भाचा बोलायला लागला. खाली मान घालून तो पेन्सिलने कागदावर आकडे लिहीत होता. झाडीत कुणी न पाहिलेला हुकलेला फटकाही त्याने धरला होता. कशाला, असं पर्यटकाने विचारलं.

‘‘आईला आकडा सांगायचा असतो.’’

दर रविवारी, इथले साडेअकरा म्हणजे शिराळ्यात रात्रीचे नऊ, आई फोन हातात धरून जागी असते. आज किती झाले, विचारते. क्रिकेटसारखं जितके जास्त तितकं चांगलं, असं तिने धरून चाललंय. पहिल्यांदा एकशेचार सांगितल्यावर तिने गल्लीत साखर वाटली. नंतर तो सुधारत गेला, नव्वदीत आला, तर ती काळजीत पडली. जेवतोस का नीट, काम फार आहे का. तेव्हापासून रविवारी शंभरच्या आत यायचं त्याच्या जिवावर येतं. व्हिसाच्या शिक्क्याच्या भानगडीत दोन वर्षं गावाला जाणं झालेलं नाही. गेलो आणि परत येताना अडकलो तर, हा प्रश्न तो आईला विचारू शकत नाही. आकडा सांगू शकतो.

पर्यटकाला यावर काय बोलावं ते सुचेना. खिशातले उरलेले चेंडू त्याने एकेक करून भाच्याच्या पिशवीत टाकले. भाच्याने नको म्हटलं नाही.

अठराव्याच्या हिरवळीवर चेंडू एकदाचा भोकात गेला. टोप्या काढून हस्तांदोलन करायची पद्धत आहे. ती पार पडली, मागच्या चौघांनीही टाळ्या वाजवल्या. भाच्याने बेरीज केली आणि गाडीतूनच फोन लावला.

‘‘एकशे तेरा, आई.’’

‘‘अगं बाई! वाढलं की!’’ पलीकडून शेजारीण उठावी असा आवाज आला. ‘‘आणि दादानं किती केलं?’’

भाच्याने मामाकडे पाहिलं. मामा पायताणाचा चिखल काडीने खरवडत होता.

‘‘एक.’’

‘‘एकच?’’ बहीण म्हणाली. ‘‘त्याला म्हणावं, बस गप. तो पहिल्यापासनं असाच हाय.’’