शंटिंगचे तात्या

कुर्डुवाडीत गल्लीआड एक तरी तात्या सापडतोच. वय सत्तरीच्या पुढे, पेन्शन रेल्वेची आणि अर्धं आयुष्य मालगाडीच्या डिझेल इंजिनात गेलेलं. आमच्या शेजारचे तात्या त्यातलेच. त्यांना नातवाचा वाढदिवस विचारू नये. इंजिनाचा पाच आकडी नंबर विचारावा. ते कुठल्या स्टेशनाअलीकडे फेल झालं आणि त्या रात्री आपण कंट्रोलवाल्याला काय सुनावलं, इथपर्यंत सगळं बाहेर पडतं.

त्यांच्या जगात दोनच जाती: 'लोड घेतंय' आणि 'लोड घेत न्हाई'. जावई लोड घेतो, घरचा मिक्सर घेत नाही. एकटे फिरायला निघाले तर डब्यांविना धावणारं 'लाइट इंजिन', काकू सोबत असल्या तर 'मागं ढकलायला बँकर हाय'. जेवताना 'आठवा नॉच झाला' म्हणाले की वाढणं थांबवायचं. इंजिनाच्या थ्रॉटलला त्याच्यापुढे नॉचच नसतो. पुण्याला मुलाच्या गाडीत बसले की चौकाचौकात 'हिरवा!' म्हणून ओरडतात आणि मुलगाही 'हिरवा!' म्हणेपर्यंत त्याला गाडी हलवू देत नाहीत. ड्रायव्हर-असिस्टंटनी एकमेकांना सिग्नल असा पुकारून सांगायचा, ही शिस्त. मागच्यांचे हॉर्न तात्या सलामी समजतात.

वाण्याच्या दारात स्कूटर मात्र चालूच. पेट्रोल जळतंय म्हणावं, तर उत्तर तयार: "बंद केली आन् परत लागली न्हाई, तर शेक्शन अडवून कोण बसणार?" जुनी अल्को कंपनीची इंजिनं यार्डात तासन्‌तास अशीच धडधडत ठेवत. त्यातलंच मूळ अमेरिकन डब्ल्यूडीएम-२, २६०० अश्वशक्तीचं. १९६२ साली आलं आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. त्याच्या काळ्या धुराला कुणी नाक मुरडलं तर तात्यांचं डोकं तापतं. "नॉच दिला की डिझेल लगेच आत जातं, टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तवर हवा कमीच पडणार. तुला झोपेतनं उठवून पळवला तर तू काय अत्तर सोडशील?"

तात्यांचे वडील बार्शी लाइटवर, वाफेच्या इंजिनावर. १८९७ साली इथूनच बार्शीकडे निघालेली ती नॅरो गेज. डिझेल आलं तेव्हा म्हातारा म्हणायचा, "आगीबिगर कसलं इंजिन?" तात्या तेव्हा पोट धरून हसले. आता दौंड-सोलापूर मार्गावर विजेच्या तारा आल्यात, आणि तात्या म्हणतात, "धूर न्हाई, वास न्हाई. चोरपावलांनी येत्यात." घरात कुणी हसत नाही, कारण पुढचा तासभर जातो.

जुन्या इंजिनांची खबर ते सोयऱ्याधायऱ्यांसारखी ठेवतात. २०२० साली भारताने बांगलादेशला दहा डिझेल इंजिनं दिली, २०२३ मध्ये आणखी वीस. तात्यांच्या लेखी तीस पोरी सासरी गेल्या. "तिकडं दमट हवा. बॅटऱ्यांकडं कोण बघतंय?" ही चिंता त्यांनी दळणाच्या रांगेतही मांडली. वाराणसीत मालगाडीच्या दोन डिझेल इंजिनांचं पोट रिकामं करून त्यांना विजेवर आणलं, दोन्ही मिळून दहा हजार अश्वशक्ती, आणि २०१९ मध्ये पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. त्या दिवशी मात्र तात्या जेवले नाहीत. ताकद जवळजवळ दुप्पट झाल्याचं कौतुक नव्हतं. "आवाज काढून घेतला बिचाऱ्यांचा."

उरलेली कुठे शंटिंग करतात, कुठे खडीची गाडी ओढतात, कुठे अपघाताच्या गाडीला जुंपलेली. पण तार तुटली, विजेच्या गाड्या जागच्या जागी थिजल्या, की डिझेललाच बोलावणं जातं. ही बातमी तात्यांना स्टेशनमास्तरच्या आधी कळते, असा माझा संशय आहे. इस्त्रीचा शर्ट घालून ते प्लॅटफॉर्मवर हजर. धूर ओकत एखादं जुनं इंजिन मेल ओढत आलं, की चहावाल्यापासून हमालापर्यंत प्रत्येकाला ऐकवतात, "बोलवावं लागलं ना शेवटी?"

परवा असंच विजयी होऊन घरी आले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, पिठाचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "लोड घेताय न्हवं? मग गिरणी बंद व्हायच्या आत दळण टाकून या."

तात्यांनी स्कूटर काढली. ती चालूच होती.