गाडीच्या पोटापाण्याचं

माझी म्हातारी मारुती हल्ली गॅसवर चालते, हे मी कुणी न विचारताही सांगतो. साकोलीच्या चौकात चहाला थांबलो तरी गाडी अशी लावतो, की मागच्या काचेवरचा हिरवा ‘सीएनजी’ सगळ्यांच्या नजरेत भरावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये गडकरींनी डिझेलचा ट्रॅक्टर सीएनजीवर आणून दाखवला, तेव्हापासून ही खाज होतीच. नागपूरला किट बसवली, आरसीवर नोंद झाली आणि मी पर्यावरणवादी झालो.

डिक्की मात्र गेली. तिथं साठ लिटरची टाकी आडवी पसरली आहे. सासुरवाडीहून आणलेला तांदळाचा कट्टा आता मागच्या सीटवर, बायकोला खेटून बसतो. “त्यालेबी पट्टा लावा जी, पोलीस पकडन,” ती म्हणते.

माझ्यासारख्या हौशी माणसानं खरं तर दुसऱ्या महायुद्धात गाडी चालवायला हवी होती. पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या चिकटल्या. कमी हवेत लोणारी कोळसा धुमसवायचा, त्यातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. निघण्याआधी भट्टी फुलवत बसायचं. एवढं करून इंजिनाची ताकद जवळपास निम्मी. चढ आला की प्रवाशांनी मुकाट उतरून धक्का मारायचा, वर तिकिटाचे पैसेही द्यायचे! आमच्या साकोलीवरून जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडवरूनही अशा गाड्या खोकत गेल्या असतील. मला त्या ड्रायव्हरचा फार हेवा वाटतो. तोंडाला काजळी, हातात सळई, भोवती अख्खं गाव. माझ्याकडे डॅशबोर्डवर एक बटण आहे. ते बघायला कोण जमणार?

शिवाय गाडी सुरू होते पेट्रोलवरच, इंजिन तापलं की मग गॅस. त्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलला ऊस-मक्याबरोबर तांदूळही लागतो. २०२४-२५ मध्ये सरकारनं एफसीआयच्या गोदामातला तांदूळ इथेनॉलसाठी २,२५० रुपये क्विंटलनं दिला. त्याच हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता २,३०० रुपये. क्विंटलभर तांदळाला दीड क्विंटल धान भरडावं लागतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे सरकारनं विकत घेतलेलं धान महाग आणि त्यातून काढून विकलेला तांदूळ स्वस्त. इकडे माणूस खरेदी केंद्रावर बारदान्याची वाट बघत, थंडीत आपल्याच कट्ट्यांवर झोपून नंबर राखतो. हा हिशेब मांडला त्या दिवशी काचेवरच्या हिरव्या अक्षरांकडे बघवेना.

साळा धानाचाच शेतकरी. त्याला हे सगळं मी टिपेच्या सुरात ऐकवलं. तो शांतपणे तंबाखू मळत होता.

“म्हंजे तुमची गाडीबी भात खाते,” तो म्हणाला. “मंग वरण कोनतं टाकता, भाऊजी?”

मी बोनेट उघडलं आणि त्याला गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर समजावून सांगायला लागलो.