सात तारा आणि एक पिन

गाडीला मागे टो-बार बसवायचा हे आमच्या घरात एकमतानं ठरलं. त्याला काय जोडायचं यावर मात्र अजून वाद चालू आहे. बायकोला हवा होता सायकलींचा रॅक. मुलाला कॅरव्हॅन, कारण त्याच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आजोबांकडे आहे. माझ्या डोळ्यांसमोर होतं आमच्या मंडळाचं गणपतीचं सामान: मखर, सतरंज्या, महाप्रसादाची पातेली आणि दर वर्षी भाड्याच्या व्हॅनवरून कार्यकारिणीत होणारी खडाजंगी. ‘लेस्टरमध्ये राहून माणूस एक वेळ वर्गणी चुकवेल, पण गाडीला मागे हूक असलेला माणूस मंडळाच्या हातून सुटायचा नाही,’ असं बायकोनं आधीच बजावून ठेवलं होतं.

त्यात कोल्हापूरहून आबा आले होते. आमची भावकी ऊसवाली, त्यामुळे ओढण्याच्या विषयात आबांचा शब्द अखेरचा. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर उसाचा डोंगर, आणि तो सगळा डोलारा एका लोखंडी पिनेच्या भरवशावर. “पिन घालायची नि चालू पडायचं,” आबा म्हणाले. “तू चार रात्री काय वाचत बसलायस?”

मी वाचत होतो गाडीवरची पट्टी. चॅसिस नंबर असलेल्या या पट्टीवर चार वजनं कोरलेली असतात. पहिलं, माणसं-सामान भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरं, गाडी आणि मागचं लटांबर मिळून. उरलेली दोन पुढच्या आणि मागच्या आसाची. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की गाडीची ऐपत कळते. दुसरा आकडाच नसेल, तर गाडी कितीही दांडगी दिसो, ओढायचं नाव काढायचं नाही. काही हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांना मुळात ही परवानगीच नसते. शेजाऱ्याची नवी चकचकीत गाडी त्यातलीच निघाली, तेव्हा आमच्या जुन्या डिझेल इस्टेटीकडे मी पहिल्यांदाच कौतुकानं पाहिलं.

कायद्यानंही माझ्यावर मेहेरनजर केलेली होती. 1 जानेवारी 1997 नंतर ज्यांनी इथं गाडीची परीक्षा दिली, त्यांना मोठा ट्रेलर ओढायला पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागे. 16 डिसेंबर 2021 पासून ती अट गेली. आता साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर मी न शिकता ओढू शकतो, ही गोष्ट माझ्यापेक्षा माझ्या मागून येणाऱ्यांनी काळजी करावी अशी आहे. मात्र ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर 750 किलो किंवा रिकाम्या गाडीच्या निम्मं, यातलं जे कमी असेल ते.

“साडेसातशे किलो?” आबा म्हणाले. “एवढं तर आमच्यात नुसतं वाडं निघतंय.”

मग बार कुठला, हा प्रश्न. गोळा सगळ्यांचा सारखाच, 50 मिलिमीटरचा. तफावत मानेत. फ्लँज प्रकारात गोळा दोन बोल्टांनी पट्टीवर आवळलेला असतो. दिसायला ओबडधोबड, पण स्वस्त. स्वान-नेकची मान हंसासारखी वळलेली आणि भाव त्याच तोऱ्यातला. तिसरा प्रकार काढता येणारा. तो काढून डिकीत ठेवायचा, आणि लागेल तेव्हा सगळं सामान उपसून तळातून शोधायचा. बायकोचं मत काढता येणाऱ्याला पडलं, कारण कायमचा बार नडगीच्या उंचीवर असतो आणि अंधारात डिकी उघडणारा माणूस तो नडगीनंच शोधतो. या मताचा विजय झाला. अर्थात तो काढायचा कंटाळा सगळ्यांनाच असल्यामुळे आमच्या नडग्यांवर व्हायचा तो परिणाम झालाच. हल्ली गोळ्यावर एक कापलेला टेनिसचा चेंडू बसवलेला असतो.

लोखंडाचं काम सोपं असतं. फिटर व्हॅन घेऊन दारात आला, त्यानं मागचा बंपर उतरवला, आतला दांडा काढून आपला बसवला, बंपरला खालून घास घेतल्यासारखी खाच पाडली, आणि टॉर्क रेंचनं एकेक बोल्ट ‘कट्ट’ वाजेपर्यंत आवळला. आबा खुर्ची टाकून बघत होते. प्रत्येक ‘कट्ट’ला मान डोलवत होते. माणूस कामाचा आहे, एवढं त्यांनी मान्य केलं.

मग वायरिंग निघालं आणि आबांची मान थांबली. कोटेशनमध्येही वायरिंग आणि कोडिंग मिळून बारच्या पुढं गेलं होतं. सात पिनांच्या सॉकेटात सात तारा: पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, निळी धुक्यातल्या दिव्याची, पांढरी अर्थिंगची, काळी आणि तपकिरी दोन बाजूंच्या टेललाइटच्या. कॅरव्हॅनवाल्यांना तेरा पिना, कारण त्यांना मागे फ्रिजही चालवायचा असतो. “टेललाइटची तार सोलायची, तिला ही जोडायची, वर चिकटपट्टी,” आबांनी तोडगा काढला. मी तो फिटरला इंग्रजीत सांगितला. त्याचा चेहरा पाहून पुढचं भाषांतर मी आवरतं घेतलं.

त्याचं म्हणणं असं, की आताच्या गाडीचा कॉम्प्युटर प्रत्येक दिव्याला जाणारा करंट मोजत असतो. परस्पर जोडणी केली की त्याला चोरी झाल्यासारखं वाटतं आणि डॅशबोर्डवर लाल-पिवळ्या तक्रारी सुरू होतात. म्हणून मध्ये वेगळं मॉड्यूल बसवायचं, वीज थेट बॅटरीवरून आणायची, आणि वर लॅपटॉप लावून गाडीला रीतसर कळवायचं की इथून पुढे तुझ्या मागे कुणी असू शकतं. हे तिला पटलं, की ट्रेलर जोडताच ती मागचे पार्किंग सेन्सर गप्प करते, आपला धुक्याचा दिवा विझवून ट्रेलरचा लावते, आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर आपणहून ब्रेक मारते.

“म्हणजे ओढायचं काम थोडं,” आबा सावकाश म्हणाले, “नि मागच्याला सांगायचंच जास्त.”

एवढ्या शुद्ध शब्दांत फिटरलाही सांगता आलं नव्हतं. आमच्याकडे रात्री कारखान्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॉलीला मागे बहुतेक काहीच नसतं. दर हंगामात आरटीओचे लोक रिफ्लेक्टर चिकटवत फिरतात, आणि पुढे टेप मात्र गावभर ऐकू जाईल असा लावलेला. माझ्या मते ट्रॅक्टरचा मालक जेवढा खर्च स्पीकरवर करतो, त्याच्या पावपटीत दोन्ही ट्रॉल्यांना दिवे लागतील. हे मी तेव्हा बोलून दाखवलं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी जाताना माझ्याकडून एक प्लग, एक सॉकेट आणि सातरंगी केबल मात्र मागून घेतली.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. चुलतभावाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे लावून घेतले होते. टेललाइट लागत होते, इंडिकेटर लागत होते. फक्त ड्रायव्हरनं मागच्या ट्रॉलीवर स्पीकर बांधून त्याच्या अँप्लिफायरला लाल तारेतून करंट दिला होता, त्यामुळे ब्रेक दाबला की गाणं लागायचं आणि सोडला की बंद.

“मग काढायला सांगा की ते,” मी म्हणालो.

“कशाला?” आबा म्हणाले. “गाणं ऐकायला गडी सारखा ब्रेकवर पाय ठेवून हळू चालवतोय. नि मागचा बी लांब राहतोय.”